महाळुंगे ते चिंचवड, डावा पाय सांभाळत

गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची नोकरी केल्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. जखमेचा खरा वैरी म्हणजे ओल. बैलाच्या खुरात चिखल बसला की चार दिवसांत बैल लंगडतो आणि आठव्या दिवशी मालक माझ्यापुढे हात जोडून उभा राहतो. त्यामुळे धाकट्या बहिणीचं, मंदाचं, आंतरदेशीय पत्र आलं तेव्हा ते मी दोनदा वाचलं आणि लगेच रजेचा अर्ज लिहायला बसलो. पत्रात चारच ओळी होत्या. यांचा पाय भरत आलाय. गुरुवारी आठ वाजता कंपनीत हजर व्हायचंय. इथं पाऊस थांबत नाही. तुला फटफटी चालवता येते, तू ये.

फटफटी मला येते, पण ती बीडच्या बाजूची. आमच्या डॉक्टरसाहेबांना मागं बसवून मी गावोगाव हिंडतो. ते सगळे रस्ते धुळीचे. आमच्याकडे पाऊस आला तर लोक चपला काढून हातात घेतात आणि हसत चालतात, कारण पाय पुसता येतो आणि चप्पल महाग असते. पावसात धडधाकट पायही कोरडा ठेवायचा असतो हे मला या प्रवासाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मंगळवार, चाकण

एस.टी.तून चाकणच्या चौकात उतरलो तेव्हा पहिला आला तो कांद्याचा वास. वखारींच्या दारात गोण्यांची थप्पी, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. मंदाचे घरमालक तात्या मला न्यायला आले होते. साठीचा गडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेलं, डोक्यावर इरल्यासारखा प्लास्टिकचा कागद. रोज सकाळी महाळुंग्याहून दुधाच्या किटल्या फटफटीला लावून पिंपरीपर्यंत जातात. फटफटीच्या पुढच्या लोखंडी गार्डला त्यांनी युरियाचं पोतं फाडून बांधलं होतं, पायावर चिखल उडू नये म्हणून. आणि पाय मात्र अनवाणी.

मी त्यांना विचारलंच, की पोतं बांधता, मग वहाणा का नाही घालत. ते म्हणाले, "पोतं हाय ते किटल्यांसाठी. आमच्या पायाला काय हुतंय? आमी चिखलातच जन्मलो."

त्या उत्तरानं माझी काळजी दुप्पट झाली. ज्या माणसाची फटफटी गुरुवारी मला घ्यायची होती, त्याला पाय कोरडा ठेवण्याचं काही वाटतच नव्हतं.

महाळुंग्याच्या वाटेवर एक ओढा आहे. त्यावर पूल नाही, नुसती फरशी. पाणी वाढलं की फरशी बुडते आणि गावाची एस.टी. चाकणला थांबते. आम्ही गेलो तेव्हा फरशीवरून टाचेइतकं पाणी वाहत होतं. तात्यांनी वेग कमी न करता गाडी घातली. दोन्ही बाजूंनी पाणी पंख्यासारखं उडालं आणि माझे बूट भरले. गुरुवारी मागच्या सीटवर दाजी, मंदाचा नवरा, असणार, एवढंच माझ्या मनात होतं.

मंदाची खोली तात्यांच्या गोठ्याला लागून. खोली एवढीशी, पण फळीवर पितळेची भांडी ओळीनं आणि फळीच्या कडेला वर्तमानपत्राची झालर, कात्रीनं नक्षी कापलेली. मंदाला लहानपणापासून कागद कापायचं वेड. तिनं मला शेंगदाण्याची आमटी आणि भात वाढला. भाकरीची वाट बघत मी थोडा वेळ थांबलो, तेव्हा ती म्हणाली, इथं सगळे भातच खातात, सवय झाली. मला उगाच वाईट वाटलं.

दाजी भिंतीला टेकून बसले होते, डावा पाय पाटावर. त्यांचं नाव प्रल्हाद. चिंचवडच्या एका ओतकाम कारखान्यात भट्टीवर होते, टेम्परवारी. म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून पळ्यात घ्यायचं आणि साच्यात ओतायचं. आषाढात एके दिवशी पळ्यातलं लोखंड सांडलं आणि त्यांच्या डाव्या बुटात गेलं. विम्याच्या दवाखान्यात महिनाभर होते. तिथून सुटले तर राहायची पंचाईत. चाळीत त्यांच्याकडे खोली नव्हती, खाट होती. तिकडे तशीच रीत आहे. एका खाटेवर तीन शिफ्टची तीन माणसं. एक उठून कामावर जातो, दुसरा कामावरून येऊन त्याच ऊबेत झोपतो. आजारी माणूस चोवीस तास झोपणार कुठे? म्हणून मंदा गावाकडून आली आणि तात्यांनी गोठ्याशेजारची खोली दिली.

मी पट्टी सोडून पाय बघितला. नवी कातडी आली होती, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. करंगळीच्या बेचक्यात अजून ओलसर जागा होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पंधरा दिवस पाण्याचा थेंब लागता कामा नये. भिजली तर कातडी पांढरी होऊन सुटेल. आणि गुरुवारी कंपनीचा डॉक्टर पाय बघणार होता. त्यानं परत पाठवलं, तर यादीतून नाव जाणार आणि कायम होण्यासाठी भरलेले सगळे दिवस वाया. पहिल्यापासून सुरुवात.

मी चिडून म्हणालो की भट्टीवर देखरेख करणाऱ्या त्या मिस्त्रीला माणसाच्या जिवाची पर्वा नसावी. दाजी पट्टी परत गुंडाळू लागले. मंदा उठून चुलीशी गेली. त्या वेळी मला वाटलं, दोघंही घाबरून गप्प आहेत.

बुधवार, पिंपरीपर्यंत रंगीत तालीम

मी स्वभावानं घाबरट आहे आणि घाबरट माणूस तालीम केल्याशिवाय कुठे जात नाही. सकाळी तात्यांच्या किटल्या घेऊन मीच निघालो. आधी चाकणला पंक्चरवाल्याकडे. युक्ती मला दवाखान्यातली आठवली होती. बैलाच्या खुराला औषध लावून वर रबरी पिशवी बांधतात. मी पंक्चरवाल्याला ट्रकच्या जुन्या ट्यूबचा गुडघ्याएवढा तुकडा कापून एक तोंड सोल्युशन लावून बंद करायला सांगितलं. त्यानं न विचारता दोन तुकडे केले. मी म्हणालो, मला एकच लागतो. तो म्हणाला, "ठेवा साहेब, स्पेअर." मी ठेवला.

आपला डावा पाय बुटासकट त्या रबरी मोज्यात घातला, पँट आत खोचली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली आणि पावसात निघालो. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला. नदी लाल आणि काठोकाठ. आमच्याकडे श्रावणात नदीच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळतात. इथं पुलावर उभं राहून खाली बघायचा मला धीर झाला नाही.

भोसरीच्या अलीकडे माझ्या तोंडचं पाणी पळालं. ह्या फटफटीचा ब्रेक डाव्या पायाखाली. समोर केळ्यांची हातगाडी आडवी आली. मी पाय दाबला, पण जाड रबरातून ब्रेक कळेचना. रबर लोखंडावरून घसरलं. पुढचा ब्रेक दाबून गाडी कशीबशी वळवली आणि रस्त्याकडेच्या मुरमात घातली. किटल्यांची झाकणं खणखणली, दूध सांडलं नाही. हातगाडीवाल्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं राव पायाला?" मी म्हणालो, काही नाही, पाहुण्याचा आहे. त्याला काय समजलं कोण जाणे. एक केळं मात्र त्यानं दिलं.

मी मात्र हादरलो होतो. पण मग लक्षात आलं, की रबर घालायचंय मागं बसणाऱ्यानं, मी नाही. माझा डावा पाय भिजला तर भिजला.

पिंपरी कॅम्पात दूध उतरवलं. तिथल्या गल्लीत सिंधी मंडळींची दुकानं, कापडांचे तागे दारातच प्लास्टिकखाली. एका गाडीवर पकवान म्हणून कडक पुरी आणि वर गरम डाळ मिळाली. पुरी एवढी मोठी की द्रोणाबाहेर आली. पावसात उभ्यानं खाल्ली. त्या तीन दिवसांत नीट मनापासून खाल्लेली तेवढी एक गोष्ट. दुसरी मागणार होतो, पण पावसानं जोर धरला आणि माझा धीर सुटला.

तिथून चिंचवडची चाळ बघायला गेलो. मनात होतं, दाजींना आजच संध्याकाळी आणून ठेवलं तर उद्याचा प्रवासच नको. खोलीत घोटाभर पाणी होतं. सहा खाटा, प्रत्येकीच्या पायाखाली चार चार विटा. दाजींच्या खाटेवर तिसऱ्या शिफ्टचा एक जण झोपला होता. त्याचे बूट वर तारेला टांगलेले. तो जागा झाला आणि मी कोण ते कळल्यावर म्हणाला, "प्रल्हादला सांगा, पाऊस असला की मिस्त्री आता दारातच बूट बघतो. पहिल्यापेक्षा जास्त बघतो." मला वाटलं, झिजलेले बूट बघत असेल. मी मान डोलवली आणि निघालो.

महाळुंग्याला पोचून पट्टी सोडली. ट्यूबमधून तांब्याभर पाणी निघालं. पँट आत खोचलेली, त्यामुळे मांडीवरचं सगळं पाणी घसरगुंडीसारखं थेट आत. मंदानं मात्र डोकं लावलं. तिनं ट्यूब आधी घालायला लावली, पँट वरून सोडली आणि कमरेपासून पोटरीपर्यंत खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक गुंडाळलं. मग तिनं दाजींना अंगणात स्टुलावर बसवून वरून घागरभर पाणी ओतलं. ट्यूब सोडून मी आत हात घातला. कोरडी ठक्क. दाजी म्हणाले, "पाव्हणं, लग्नात बी एवढं जपलं न्हवतं मला." सगळे हसलो. पण माझं हसू लगेच विरलं, कारण तात्या ओढ्याकडून आले आणि म्हणाले, पाणी चढतंय.

गुरुवार, महाळुंगे ते चिंचवड

उजाडताच निघालो. दाजींच्या उजव्या पायात कंपनीचा लोखंडी टोकाचा बूट. डावा बूट मोज्यासकट प्लास्टिकात बांधून मंदानं त्यांच्या छातीशी, शर्टाच्या आत खोचला. डावा पाय ट्यूबमध्ये. मंदा गोठ्याच्या दारात उभी राहिली.

ओढ्याशी पोचलो तेव्हा फरशीवरून नडगीइतकं पाणी चाललं होतं. अलीकडे एक बैलगाडी थांबली होती. गाडीवान म्हणाला, "न्हाई जायाचं आत्ता. घटकाभर थांबा, उतरंल." घटकाभर थांबलो असतो तर आठ वाजून गेले असते. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी डावा पाय उचलून माझ्या कमरेवरून पुढे, पेट्रोलच्या टाकीवर ठेवला आणि म्हणाले, "चला."

मी फटफटी घातली. मध्यावर इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पाण्याचा धक्का चाकाला बसत होता. मी दोन्ही पाय खाली टाकले, तळाला दगड लागले. दाजी उतरले असते तर पाय गेला असता. मी ओरडून सांगितलं, उतरायचं नाही. मग मी उतरलो आणि दाजींना वर बसवून, त्यांचा पाय टाकीवर तसाच, हँडल धरून ढकलू लागलो. गाडी जड, माणूस जड, पाणी गुडघ्याला. मला खरंच वाटलं की आता आम्ही जाणार. मागून एकदम गाडी हलकी झाली. गाडीवान बैल सोडून पाण्यात उतरला होता आणि मागून रेटत होता. पलीकडे पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "पाय कोरडा हाय नव्हं?" दाजींनी ट्यूबवर हात फिरवला आणि मान डोलवली.

प्लग पुसून, वाळवून, पंधरा किका मारून इंजिन सुरू झालं. मोशीचा पूल, भोसरी, पिंपरी, सगळं मी दात आवळून पार केलं. आठला पाच कमी असताना कंपनीच्या फाटकात होतो. दाजींना आधार द्यायला म्हणून मलाही आत सोडलं. डॉक्टरच्या खोलीत ट्यूब सोडली. मी दारातून बघत होतो. पट्टी कोरडी. कातडी कोरडी. डॉक्टरांनी बेचक्यांत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि कागदावर फिट लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुरांच्या दवाखान्यात मी कधी रडलेलो नाही.

मग दाजींनी छातीशी धरलेला डावा बूट घातला आणि आम्ही भट्टीच्या शेडपाशी गेलो. तिथं शेडच्या दारात माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात त्याचे बूट, सगळे पाटी दाखवायला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांसारखे. दारात जाड चष्म्याचा एक म्हातारा मिस्त्री. एकेका बुटात मनगटापर्यंत हात घालायचा, बोटं हलवायचा आणि आत सोडायचा किंवा बाजूला उभं करायचा. मी मंगळवारपासून ज्याला शिव्या घालत होतो तो हाच.

दाजींची पाळी आली. डावा बूट. हात आत गेला, बाहेर आला. ठीक. उजवा बूट. मिस्त्रीनं हात घातला आणि बूट उलटा केला. पाण्याची धार लागली.

तीन माणसांनी दोन दिवस डोकं चालवलं ते एका पायासाठी. दुसरा पाय चांगला, म्हणून तो पाय आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. स्पेअर तुकडा मंदाच्या फळीवर पडून होता.

मी पुढे झालो, म्हणालो, मिस्त्री, चूक माझी आहे, त्यांची नाही. मिस्त्रीनं बूट झटकला. मग हळू म्हणाला, "ओल आणि वितळलेलं लोखंड भेटलं की फुटतं. त्या दिवशी बुटात फुटलं. पाऊस होता. ह्यानं बुटात कागद घातला होता, तळव्याच्या मापाचा, अगदी बरोबर कापलेला. माझ्या हाताला कोरडं लागलं. मी हात पुढं, बोटांपर्यंत, नाही घातला. ओल तिथं होती." त्यानं ओला हात कपड्याला पुसला. "महिनाभर झोप नाही मला."

दाजींनी खाली बघितलं. ते म्हणाले, "दिस भरत आले होते, मिस्त्री. बूट ओला निघाला असता तर एक खाडा पडला असता."

मिस्त्रीनं उजवा बूट त्यांच्या हातात दिला आणि शेडच्या कडेच्या ओव्हनकडे बोट केलं. तिथं साच्यांचे वाळूचे गाभे भाजतात. "तासभर तिथं सुकव. मग माझ्याकडे आण. मी बघितल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. तुझी हजेरी आठचीच लागेल." दाजी एका पायात बूट घालून लंगडत तिकडे गेले. मला बाहेर जायला सांगितलं, तेव्हा मी फाटकापाशी चहाच्या टपरीवर तासभर बसलो. दोन चहा झाले. मग पहारेकऱ्यानं आत जाऊन बघून येऊन सांगितलं, की तुमचा माणूस भट्टीवर गेला.

परतीच्या वाटेचं फारसं आठवत नाही. माझे बूट आणि दाजींच्या पायाची ट्यूब हँडलला बांधली होती आणि अनवाणी पायांनी चालवत होतो. ओढा उतरला होता.

मंदा गोठ्याच्या दारात तशीच उभी होती. हातात ट्यूबचा दुसरा तुकडा. आम्ही गेल्यावर तो तिला फळीवर दिसला होता आणि ती तो घेऊन ओढ्यापर्यंत पळत आली होती, पण आम्ही पलीकडे निघून गेलो होतो. मी गाडी लावली. त्यांना कामावर घेतलं का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "मिस्त्रींनी बुटात हात घातला?"

"घातला."

"पार आतपर्यंत?"

"पार बोटांपर्यंत. उजवा ओला निघाला. सुकवायला लावला, परत बघितला, मग घेतलं."

ती दारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "दादा, कागद मी कापला होता. पावसाआधी ते गावी आले होते, तेव्हा पायाचं माप घेऊन."

तिच्या मागं फळीवरची झालर दिसत होती. मी तिच्या हातातून ट्यूबचा तुकडा घेतला, आतून बोट फिरवून सोल्युशन नीट चिकटलंय का बघितलं आणि दाराशेजारच्या खिळ्याला हँडलवरून काढलेल्या पहिल्या तुकड्यासोबत टांगून ठेवला.